काकूंची कादंबरी येईपर्यंत

खोली बघायला गेले तेव्हा काकूंनी मला पगार विचारला नाही, जात विचारली नाही, मांसमच्छी खातेस का हेही विचारलं नाही. दारातच उभं ठेवून त्यांनी विचारलं, "भांडण झालं की तू आंधी काय सोडते? जेवण का बोलणं?"

मी गोंधळून म्हणाले, "जेवण."

"मंग राह्य. जेवण सोडणारी घर सोडत नाई. भूक लागली की येते बिचारी सैपाकघरात. बोलणं सोडणाऱ्याइचा काही भरोसा नसते."

मी वर्ध्याहून बदलून राज्याच्या सीमेपलीकडे बालाघाटच्या बँकेत आले होते. दिवसभर खिडकीवर हिंदी, ऑटोवाल्याशी हिंदी, बाजारात हिंदी. संध्याकाळी कोर्टामागच्या त्या गल्लीत शिरलं की मराठी कानावर पडायचं, तेही असं. वरची खोली माझी, खाली काकू एकट्या. नवरा रेल्वेत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा रायपूरला. तो रविवारी फोन करायचा आणि विचारायचा, "मम्मी, किताब आई क्या?" काकूंनी एक कादंबरी लिहिली आहे आणि ती नागपूरच्या एका प्रकाशकाकडे आहे, हे मला त्या फोनमुळेच कळलं.

काकू कोर्टात टायपिस्ट होत्या. उभा जन्म दुसऱ्यांची बयानं हिंदीत टाइप करण्यात गेला. त्या म्हणायच्या, "खोटं बोलणारा मानूस सरसर बोलते. माह्यं बोट थांबलं की मी समजून जाओ, हा आता खरं बोलून राह्यला." निवृत्त झाल्यावर त्या मराठीत लिहायला बसल्या. हिंदी एवढी हाताखालची असताना मराठीत का, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "हिंदीत मी लोकाइचं लिवलं. माह्यं काही आठवाले गेलं की ते मराठीतच आठवते. मंग काय करू?"

मी राहायला गेले तोवर कादंबरी लिहून झाली होती. त्यामुळे लिहिणाऱ्या काकू मी कधी पाहिल्याच नाहीत. मी पाहिल्या त्या वाट बघणाऱ्या काकू, आणि वाट बघणं त्यांना मुळीच जमत नव्हतं. प्रकाशक म्हणायचा, पुढच्या महिन्यात. पुढच्या महिन्यात कागद आलेला नसायचा. त्याच्या पुढच्या महिन्यात छापखान्यातला माणूस लग्नाला गेलेला असायचा. मधल्या काळात काकूंनी बाहेरच्या खोलीला चुना मारला. "पुस्तकं येतीन, दोन लोक येतीन, भिंती कशा दिसाव?" तोही ऐन श्रावणात. तो वाळलाच नाही. त्या खोलीत जो कोणी भिंतीला टेकला तो पाठीवर पांढरं घेऊन घरी गेला.

आणि प्रश्न. बयानं टाइप करताना प्रश्न वकिलांनी विचारायचे असत, काकूंना तोंड उघडायची मुभा नव्हती. त्याची सगळी कसर त्या आता काढत होत्या. भाजीवालीला त्यांनी भर बाजारात विचारलं, "सवतीच्या पोराले वाढताना हात आखडते का वो?" ती म्हणाली, "मले सवत नाई बाई. पन सासूले वाढताना आखडते." काकू भेंडी तिथेच विसरून घरी आल्या. "पाह्य पोरी! सासूले वाढताना! हे तं मी लिवलंच नाई!" लगेच नागपूरला फोन. पान अमुकवर एक ओळ वाढवायची आहे. तिकडचा माणूस हात जोडत असावा, कारण काकू सारख्या म्हणत होत्या, "हात काहून जोडता? ओळ टाका ना."

कादंबरी कशाबद्दल आहे, हे मात्र त्या सांगत नव्हत्या. मी नाना तऱ्हांनी विचारून पाहिलं. नाव? "आल्यावर पाहजो." प्रेमाची आहे का? "थोडीशी." गावातली का शहरातली? "मानसातली." मला झोप लागेना असं नाही, पण बँकेत नोटा मोजतानाही मधूनच वाटायचं, ही बाई सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोर आहे, चहात आलं किती घालते तेही मला ठाऊक आहे, आणि हिच्या डोक्यात एक अख्खं गाव आहे ज्यातलं एकही घर मी पाहिलेलं नाही.

एकदा प्रकाशकाकडून मोबाइलवर मुखपृष्ठ आलं. डोक्यावर घागर घेतलेली पाठमोरी बाई, मागे मावळता सूर्य. काकूंनी ते जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. "हे कोण हाय?" तुमची नायिका असेल, मी म्हणाले. "माह्या पुस्तकात घागर कोनाच्या डोक्यावर नाई. आणि हे बाई तोंड काहून लपवून राह्यली? इतकं लिवलं तिच्याबद्दल, आता तं तोंड दाखव म्हणा!" दुसऱ्यांदा मजकूर तपासायला आला तेव्हा कुणीतरी सगळ्या बोलण्यातलं 'मले' खोडून 'मला' केलं होतं. त्या दिवशी काकू ओरडल्या नाहीत. फोनवर शांतपणे म्हणाल्या, "साहेब, हे लोक आपल्या मायले हाक मारून राह्यले. तुमी मधात येऊन त्याइचं बोलणं काहून सुधरवता?" 'मले' परत आलं.

गावाला कादंबरीची खबर लागली ती आमच्या बँकेत. पेन्शनच्या दिवसांत काकू रांगेत उभ्या होत्या आणि प्रकाशकाचा फोन आला. काकूंना थोडं कमी ऐकू येतं, त्यामुळे त्या फोनवर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलतात. "नाई नाई, म्हातारीले मारा, माह्यी काही हरकत नाई. पन नवऱ्याच्या आंधी मारू नका!" रांग गप्प झाली. "आणि मारायचंच असन तं आषाढात नको. त्या चिखलात चार खांदेकरी कुठून आणता? दिवाळीनंतर मारा." दाराशी बंदूक घेऊन बसणारा आमचा गार्ड रीव्याकडचा. तो हळूच माझ्या खिडकीपाशी आला. "मैडम, ये माताजी किसको मरवा रही हैं?"

मी हसत सुटले आणि हसता हसता सांगून टाकलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या मोहल्ल्याला कळलं की टायपिस्ट बाईंनी पुस्तक लिहिलं आहे. आणि कोर्टात जन्म काढलेल्या बाईला कुणाचं काय काय ठाऊक असेल, या विचाराने जो तो आपापला हिशेब करू लागला. शेजारच्यांचं नालीवरून सुरू असलेलं भांडण एकाएकी मिटलं. राइस मिलवाल्याने नव्या चिन्नोर तांदळाची थैली पाठवली आणि नोकराकरवी विचारलं की किताबमध्ये मिल आहे का. काकूंनी तांदूळ ठेवून घेतला. "सांग, मिल नाई, पन पुढच्या वेळी पाहू." त्यांना मजा वाटत होती. "आता पाह्य, ज्यानं त्यानं आपल्या मनात माह्यी कादंबरी लिवून घेतली. छापाची गरजच काय?"

ही बातमी राजेगावलाही पोचली.

गोंदियाच्या रस्त्यावरचं ते काकूंचं माहेर. तिथे त्यांचे मोठे भाऊ होते. सत्तरी ओलांडलेले, धानाची शेती, गावात शब्दाला मान. रविवारी सकाळी ते मोटारसायकलवर नातवाच्या मागे बसून आले. नातवाला त्यांनी गल्लीच्या टोकाशीच परत पाठवलं आणि एकटे चालत आले. अंगणातल्या खुर्चीवर बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"बाई, मी हाओ का त्या पुस्तकात?" त्यांनी सरळ विचारलं.

काकूंना मी पहिल्यांदाच उत्तर देताना अडखळताना पाहिलं. "हाओस."

"ते? ते लिवलं का?"

"हौ दादा. ते बी लिवलं."

"नाव?"

"नाव दुसरं हाय."

"नावानं काय होते? राजेगावात कोनबी वाचन, बोट लावून सांगन." त्यांचा आवाज चढला नाही. "नातीचं जमून राह्यलं. पाहुणे मोठे हायेत. मले काढून टाक, बाई."

"दादा, त्यात वाईट काहीच—"

"मी वाईट म्हणलं का? मले काढून टाक म्हणलं."

चहा न घेता ते उठले. पाठीला चुना लागलेला नव्हता, कारण ते आत आलेच नव्हते.

'ते' म्हणजे काय, हे काकूंनी मला त्याच दुपारी सांगितलं. मी विचारलंही नाही. डाळ निवडत होत्या, निवडता निवडता बोलल्या. दादा तरुणपणी नाटकात बाईचं काम करायचे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्री नाटक होतं, आणि तेव्हा स्टेजवर यायला बायका मिळत नसत. दादा लुगडं नेसून उभे राहिले की बायका कडेवरचं पोर विसरायच्या. लांजी, किरनापूरपासून लोक बैलगाड्या जुंपून यायचे. लहानग्या काकू त्यांना पाठांतराला मदत करायच्या. नाटकात बापाचं जे काम असायचं ते या म्हणायच्या आणि दादा लेकीचं.

"आणि एक दिवस," काकू म्हणाल्या, "एक मानूस घरी आला. दूरच्या गावचा. रात्री नाटक पाह्यलं होतं त्यानं. बाबाले म्हणे, तुमच्या मोठ्या लेकीले माह्या पोरासाठी मागाले आलो. त्याले कोनी सांगतलंच नाई की तो पोरगा हाय म्हणून. सारा मोहल्ला हसून हसून लोळला. बाबा हसले नाई. त्याच रात्री बाबानं दादाचे सगळे लुगडे अंगणात जाळले. त्याच्यानंतर दादा कधी स्टेजवर चढला नाई. गावातल्या म्हाताऱ्याइले आठवते, पन आमच्या वहिनीले त्यानं कधी सांगतलं नाई. पोरांले तं नाईच."

मी विचारलं, "कादंबरीत हे सगळं आहे?"

"कादंबरीच हे हाय," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं आजूबाजूनं हाय."

पुढचे कितीतरी दिवस काकूंनी कुणाला काही विचारलं नाही. भाजीवाली मला म्हणाली, "तुमची बाई बीमार हाय का?" मी वर जाता येता बघत होते. कधी त्या कॉम्प्युटरपुढे नुसत्या बसलेल्या, कधी मोबाइलवर प्रकाशकाचा नंबर काढून पुन्हा ठेवून दिलेला. मी तरुण होते, मला सगळं सोपं वाटत होतं. मी म्हणाले, "काकू, लेखकानं असं घाबरायचं नसतं. पुस्तक तुमचं आहे."

"पुस्तक माह्यं हाय," त्या म्हणाल्या. "पन लुगडं तं त्यानं नेसलं होतं ना."

त्यांनी प्रकाशकाला थांबवलं. तो भयंकर चिडला. अक्षरजुळणी झालेली होती, मुखपृष्ठही पाठ फिरवलेल्या बाईऐवजी रिकाम्या स्टेजचं ठरलं होतं. तेही बदलावं लागणार होतं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि कामाला लागल्या.

लिहिणाऱ्या काकू मी पाहिल्या नव्हत्या म्हटलं, पण खोडणाऱ्या पाहिल्या. मला वाटलं होतं, एक प्रकरण उचलायचं आणि झालं. तसं नव्हतं. दादा पुस्तकभर होते. पावसात दार उघडायला तेच उठत होते, नदी ओलांडताना लहान बहिणीला खांद्यावर तेच घेत होते, आई आजारी पडली तेव्हा बैलगाडी तेच हाकत होते. ते गेल्यावर ही सगळी कामं करणार कोण? काकूंनी दार बाबांना उघडायला लावलं. गाडी शेजाऱ्याला दिली. नदीपाशी त्या चार दिवस अडल्या. शेवटी चिडून म्हणाल्या, "पोरगी आता पान्यात पाय टाकन न् एकटीच जाईन. काय करते मंग!" आणि डोळे पुसायला पदर घेतला, तो चष्म्यासकट.

सात-आठ महिने त्यात गेले. दरम्यान राजेगावला नातीचं लग्न झालं. काकू आहेर घेऊन गेल्या, जेवल्या, परत आल्या. दादांनी पुस्तकाचा विषय काढला नाही आणि काकूंनीही नाही.

मग एका दुपारी नागपूरच्या बसमधून गठ्ठा आला. मी बँकेतून तशीच बसस्टँडवर गेले आणि ऑटोत घालून आणला. काकूंनी सुतळी कापली. वरचं पुस्तक उचललं, उघडलं, मधलंच एक पान वाचलं आणि म्हणाल्या, "छापल्यावर लई कमी वाटते न?" बस, एवढंच. मला वाटलं होतं, रडतील, नाचतील, निदान पेढे आणायला पाठवतील. त्या भात टाकायला आत गेल्या. मी ते पुस्तक वर नेलं आणि दोन दिवसांत वाचून काढलं. चांगलं होतं. खरंच चांगलं होतं. पण मला ठाऊक होतं म्हणून असेल, पानोपानी वाटत राहिलं की इथून आत्ताच कोणीतरी उठून गेलंय.

एक प्रत काकूंनी राजेगावच्या बसच्या कंडक्टरजवळ देऊन भावाला पाठवली. त्याचं उत्तर आलं नाही. इकडे मोहल्ल्यातही लोक नाराजच झाले. ज्यांना आपण पुस्तकात असू याची भीती होती त्यांना आपण त्यात नाही हे कळलं, आणि ते त्यांना फारसं आवडलं नाही. नालीचं भांडण पुन्हा सुरू झालं.

दादा आले ते उन्हाळ्याच्या तोंडावर. या वेळी बसने आले, एकटेच. हातात पुस्तक. त्याची पानं फुगली होती, कोपरे दुमडले होते. चांगलं दोनदा वाचलेलं दिसत होतं. ते अंगणात त्याच जागी बसले. काकू समोर ओट्यावर बसल्या.

"तू बी वाचलं का हे?" त्यांनी आधी मलाच विचारलं.

"हो."

"मी सापडलो का कुठी?"

मी काकूंकडे पाहिलं. त्या खाली बघत होत्या. मी म्हणाले, "नाही."

"मलेबी नाई सापडलो." त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवलं. "बाई, नदी तू एकटी उतरली? खांद्यावर कोन घेतलं होतं तुले?"

"तूच तं म्हणलं होतं दादा, काढून टाक."

"हौ, म्हणलं होतं. पन एवढं सगळं काढ असं थोडी म्हणलं होतं!" पहिल्यांदाच त्यांचा आवाज फुटला. "नाटक काढ म्हणलं. तू तं भाऊच काढला. माय गेली तवाबी मी नाई. मी मेलो होतो का?"

"नाटक काढल्यावर तू उरतच नव्हता रे," काकू म्हणाल्या. "मी लई पाह्यलं."

समोरच्या गल्लीतून कुणी भंगारवाला ओरडत गेला. त्याचा आवाज लांब गेल्यावर दादांनी विचारलं, "काय लिवलं होतं त्या दिवसाचं? सांग."

काकूंनी सांगितलं. पाहुणा आला, लेक मागितली, लोक हसले, बाबांनी रात्री लुगडी जाळली. दादा मान खाली घालून ऐकत होते. जाळण्यापाशी त्यांनी मान वर केली.

"बाबानं नाई जाळले."

"मी पाह्यलं दादा. बाबा काडी घेऊन उभे होते."

"काडी माह्या हातातून घेतली होती त्याइनं. जाळले मी. बाबा तं नको नको करत होते. म्हणे, मंडईवाल्याइले जुबान देल्ली हाय, पुढचं नाटक तोंडावर हाय, असं नको करू."

एवढी वर्षं काकू बापावर रागावून होत्या. तो राग पुस्तकात अजून होता, छापलेला.

"काहून जाळले मंग तू?"

दादांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "तो मानूस. सगळे हसले, तो नाई हसला. त्यानं माह्याकडं पाह्यलं, मी पायजम्यात उभा होतो, बैलाची कुट्टी कापत होतो. तो म्हणे, बरं, आणि चपला घालून चालला गेला. बाई, मले हसू नाई आलं. मले वाईट वाटलं, तो वापस चालला गेला म्हणून. त्या वाईट वाटण्याचा मले भेव लागला. कोनाले सांगतलं नाई कधी."

काकू उठून त्यांच्याजवळ गेल्या आणि ओट्यावरची दुसरी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या. दादांनी मला विचारलं, "चहा टाकते का पोरी?" मला आत पाठवायचं होतं, हे मला कळलं.

मी आत गेले, आधण ठेवलं. साखर शोधत होते तेवढ्यात अंगणातून एका बाईचा आवाज आला. तरुण, थरथरता, आणि असा स्पष्ट की प्रत्येक शब्द वेगळा ऐकू यावा. "बाबा, या घरचा उंबरा एवढा उंच कधी झाला? पाऊल उचलत नाही हो." मला वाटलं, शेजारचं कुणीतरी रडत आलं. मी धावत दारापर्यंत गेले.

अंगणात तिसरं कुणी नव्हतं. दादा तसेच खुर्चीत बसले होते, पांढऱ्या मिशा, हात गुडघ्यांवर. फक्त मान किंचित कलली होती आणि नजर जमिनीला होती. शेजारी काकू पाठ ताठ करून बसल्या होत्या आणि खणखणीत, कोरड्या आवाजात बापाचं म्हणत होत्या, "जा लेकी. उंबरा उंच नसतो. मागे पाहणाऱ्याला तसा वाटतो."

"बाई, तू लई जोरात बोलते," दादा मध्येच आपल्या आवाजात म्हणाले. "लेक चालली तवा बाप एवढ्या जोरात बोलत नसते."

"बरं," काकू म्हणाल्या, आणि तेच वाक्य पुन्हा एकदा, हळू म्हणाल्या.